डोंगेवालीचं शेवटचं गाणं

गडचिरोली
३० जून २०२४

प्रिय मिथुनदादा,
सप्रेम जय भीम.

आधी बातमी, मग बाकी सगळं. डोंगेवाली रुखमा मीच करणार! काल श्रीहरीभाऊंनी पेटीवर एक सूर धरला आणि म्हणाले, "म्हन." मी म्हटलं. मग त्यांनी सूर वर नेला, मीही गेले. अजून वर नेला. मागून आमच्यातला झाडू नावाचा पोरगा ओरडला, "भाऊ, आता छत फुटन!" श्रीहरीभाऊंनी पेटी बंद केली आणि म्हणाले, "झालं. वडश्याच्या नाटक कंपनीतून बाई आनाची गरज नाई. रुखमा आपल्या घरातच हाय."

तुझ्या वनखात्याच्या नाक्यावर फोन लागत नाही म्हणून पेन हातात घेतला. आणि पेन हातात आला की आपली बोली कुठं पळते कोण जाणे, वाटतं शाळेतल्या बाई मागं उभ्या आहेत. समजून घे. हे पत्र श्रीहरीभाऊच घेऊन येतील. भामरागडच्या गाडीवर सध्या तेच कंडक्टर आहेत. तिकिटं फाडता फाडता चाली लावतात, प्रवासी हसतात म्हणे.

तू उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना सांगितलेली ती गोष्ट, नदीवर डोंगा चालवून साऱ्या गावाला अल्याड-पल्याड करणाऱ्या बाईची, तेच आमचं नाटक. संवाद बसलेत. पण गाणी नाहीत! गाणी तू देणार असं तू कबूल केलं होतंस, विसरू नको. दिवाळीनंतर आपल्याच गावच्या मंडईत, जत्रेच्या रात्री, पहिला प्रयोग. बाबांना कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी सावली गावच्या बाजारापर्यंत बातमी पोचवली. "माह्यी पोरगी नर्सबी हाय आन् हिरोईनबी," असं सांगत फिरतात. आता माघार नाही.

नर्सिंगचं तिसरं वर्ष फार धावपळीचं आहे रे. सकाळी वर्ग, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी तालीम, आणि होस्टेलचं फाटक बंद व्हायच्या आत परत. माझी रूममेट रिना म्हणते, तू झोपतेस कधी? मी म्हणते, बसमध्ये. ती म्हणते, तू तर बसमध्ये बसतच नाहीस. मी म्हणते, म्हणूनच झोपत नाही!

गाणी पाठव. लवकर पाठव.

तुझी
रंजीता


नाका, भामरागडपल्याड
९ जुलै २०२४

प्रिय रंजू,
जय भीम.

पत्र मिळालं. श्रीहरीभाऊंनी चहाच्या टपरीवर दिलं, टपरीवाल्यानं नथ्थूभाऊंना दिलं, आणि नथ्थूभाऊंनी डोंग्यातून इकडं आणलं. म्हणजे तुझी बातमी खऱ्याखुऱ्या डोंग्यातून आली बघ. वाचून मी इतक्या जोरात ओरडलो की नाक्यामागची माकडं पळाली.

हे नथ्थूभाऊ म्हणजे इथले डोंगेवाले. खरं सांगायचं तर तुझ्या रुखमाच्या पोटात तेच आहेत, मी फक्त त्यांना लुगडं नेसवलं. पाऊस लागला की आमच्याकडच्या गावांना बाहेर जायला दुसरा रस्ता नाही. मास्तर, तांदूळ, आजारी माणूस, नवरी, टपाल, सारं त्यांच्याच डोंग्यातून. आता नदीवर पुलाचे खांब उभे राहू लागलेत. नथ्थूभाऊ डोंगा बांधून काठावर बसतात आणि खांबांकडं बघत राहतात. मला ते बघवत नाही.

सुरुवातीचं गाणं पाठवतो. रुखमा प्रवेश करते तेव्हाचं :

बस ना माह्या डोंग्यात, भिऊ नको पान्याले,
अल्याडचा सांगावा ने पल्याडच्या मान्साले.

पुढची कडवी मागच्या पानावर. चाल श्रीहरीभाऊ लावतील, पण "पान्याले"वर सूर लांबव, वल्हं पाण्यात ओढल्यासारखा.

शेवटचं गाणं अजून डोक्यात आहे. पूल झाला, लोक वरून चालले, रुखमा एकटी काठावर. तिथं साऱ्या मंडईला रडवायचं. ते घाईत नाही लिहिणार.

नदी चढते आहे. गाडी बंद झाली तर पत्र अडेल, काळजी करू नको. आणि अभ्यास? त्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस.

तुझा
मिथुन


गडचिरोली
१९ जुलै २०२४

प्रिय दादा,

गाणं आलं आणि आमचं डोकं फिरलं! श्रीहरीभाऊंनी डेपोतच चाल लावली. तबल्याला माणूस नव्हता तर झाडूनं पत्र्याची पेटी वाजवली. झाडू आमच्या नाटकातला विनोदी माणूस, पंखे दुरुस्त करतो, आणि त्याला बघूनच लोक हसतात. पियुष पुलाचा इंजिनीयर झालाय. तो खरंच पॉलिटेक्निकला आहे, त्यामुळं संवादात स्वतःच्या मनचं सिमेंट-वाळूचं प्रमाण घुसवतो. श्रीहरीभाऊ वैतागतात, "अरे पियुष, तू रुखमावर पिरेम करून राह्यला का पूल बांधून राह्यला?" तो म्हणतो, "भाऊ, दोन्ही."

"पान्याले"वर सूर लांबवते. खरंच वल्हं ओढल्यासारखं वाटतं. काल वॉर्डात सलाइन लावताना तेच गुणगुणत होते तर एक आजी म्हणाल्या, "बाई, सुई टोचली तं कळलंच नाई, अजून म्हन." पण आमच्या मनकर्णा सिस्टरांनी ऐकलं. त्या बाळंतकक्षाच्या सिस्टर. साऱ्या होस्टेलला त्यांची दहशत. म्हणाल्या, "हे दवाखाना हाय, मंडई नाई."

अभ्यास चालू आहे. परीक्षा झाली, बरी गेली. तू काळजी करू नको.

दुसरं गाणं पाठव. बाजाराच्या प्रवेशाला काहीतरी धावतं हवं आहे, सगळे मिळून नाचता येईल असं. आणि दादा, शेवटी मंडईला रडवायलाच पाहिजे का? रुखमा मला रडकी वाटत नाही.

इथंही धो धो चालू आहे. श्रीहरीभाऊ म्हणाले, हीच शेवटची गाडी असेल, मग रस्ता उघडेपर्यंत काही नाही.

तुझी
रंजीता


नाका
२७ ऑगस्ट २०२४

रंजीता,

आज गाडी आली. सारा महिना आम्ही बेटावर होतो. तुझं पत्र टपरीवर वाट बघत पडलं होतं आणि ते आणायला मी स्वतःच पल्याड गेलो. श्रीहरीभाऊ भेटले, आनंदानं मिठी मारली आणि म्हणाले, "तुमच्या बहिनीचं गानं तं अस्मानात हाय, फक्त थे बाळंतपनाच्या पेपरात आपटली म्हनून सिस्टरनं कालेजातून नाव काढाची धमकी देल्ली."

त्यांना वाटलं मला माहीत आहे.

"बरी गेली" म्हणजे नापास, हे मला नव्हतं माहीत. हजेरीही कमी आहे म्हणे. फेरपरीक्षेतही नापास झालीस तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत, हेही त्यांच्याकडूनच कळलं. खोटं बोलायचं होतं तर दुसऱ्या कुणाशी बोलायचं. मी तुला नाटकात ढकललं, म्हणून मलाच तू सांगायला हवं होतं.

बाजाराचं गाणं सोबत आहे, ते लिहून झालंच होतं. पण शेवटचं गाणं पास झाल्याशिवाय मिळणार नाही. हवं तर रागाव. हे लिहून ठेवतो.

इकडं सगळं ठीक. पूर मोठा होता. मध्ये एकदा एका अडलेल्या बाईला आम्ही डोंग्यातून पल्याड पोचवलं, तिथून अँब्युलन्सनं लांबच्या आडवाटेनं गडचिरोलीला गेली. बाकी विशेष काही नाही.

मिथुन


गडचिरोली
१४ सप्टेंबर २०२४

दादा,

पास! पास! पास! आणि नुसती पास नाही, वर्गात दुसरी!

आता क्रमानं सांगते. तुझं पत्र वाचलं तेव्हा रडू आलं आणि तुझा रागही आला. दोन दिवस पुस्तक उघडून बसले, एक अक्षर आत जाईना. डोक्यात तुझं बाजाराचं गाणं. मग रिना म्हणाली, "थे गानं जात नसन तं त्याच्यातच कोंब ना अभ्यास." आणि आम्ही कोंबला! तुझ्या गाण्याच्या चालीत, दादा :

पहिल्या टप्प्यात कळा येती, तोंड हळूच उघडते,
दुसऱ्या टप्प्यात बाळ येते, तिसऱ्यात वार पडते,
चौथ्यात बाई उठाचं नाई, पहारा देत बसाचं,
रक्त किती गेलं, पोट घट्ट का, हात लावून पाहाचं!

सारं होस्टेल म्हणायला लागलं. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशीसुद्धा. निम्मा वर्ग आपटला होता म्हणून फेरपेपर साऱ्यांनाच द्यायला लावला. मी बसले तर पोरी बाकावर बोटांनी ठेका धरून लिहीत होत्या. तपासणाऱ्या मॅडमना कळेना की साऱ्या वर्गानं उत्तरं एकाच क्रमानं कशी लिहिली. मनकर्णा सिस्टरांना कळलंच. मला बोलावलं. त्या म्हणाल्या, "म्हन." मी म्हटलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी म्हणाल्या, "नाळ बांधाचं राह्यलं. थे कडवं टाक."

आता तुझं बघू. "विशेष काही नाही" होय?

ऑगस्टमध्ये मी बाळंतकक्षात ड्यूटीवर असताना तुमच्याकडून एक बाई आली होती. सुकरी नाव. लुगडं अजून ओलं, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. तिनं माझा हात जो धरला तो बाळ होईपर्यंत सोडला नाही. मुलगा झाला. दोघंही वाचले. नंतर तिचा नवरा झिंगू बाहेर बसून सांगत होता, की मधोमध ओंडका येऊन डोंग्यावर आदळला, डोंगा आडवा झाला, तेव्हा मिथुन गार्ड दोरी कमरेला बांधून पाण्यात उतरला आणि नथ्थू डोंगा सरळ करेपर्यंत त्याची कड धरून धारेत राहिला. दोनदा त्याचं डोकं दिसेनासं झालं, असं तो म्हणाला. मी विचारलं, कोणता मिथुन? त्यानं सगळं वर्णन केलं. कानामागचा तीळसुद्धा.

मी त्या रात्रीपासून वाट पाहिली की तू लिहिशील. तू लिहिलंस "पोचवलं".

मी पेपर लपवला, तू नदी लपवलीस. फिटलं. यापुढं दोघांनीही काही लपवायचं नाही. कबूल असेल तर शेवटचं गाणं पाठव.

तुझी (पास)
रंजू


नाका
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय रंजू,

कबूल. बाबांना मात्र पाण्याचं सांगू नको, ते ट्रॅक्टर घेऊन मला न्यायला येतील.

तुझं बाळंतपणाचं गाणं मी नथ्थूभाऊंना वाचून दाखवलं. ते एवढे हसले की वल्हं हातातून सुटलं. वर्गात दुसरी! पहिली कोण आली ते नाही लिहिलंस. रिना असणार.

आता शेवटचं गाणं. मी हे कसं लिहिलं ते सांगतो. त्या पुरानंतर पुलाचं काम परत सुरू झालंय. ज्या दिवशी सुकरी बाळ घेऊन परत आली, त्या दिवशी साऱ्या गावानं नथ्थूभाऊंच्या डोंग्याला कुंकू लावलं. डोंगा नसता तर ती बाई वाचली नसती. आणि त्याच संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस सांगून गेला, पुढच्या पावसापर्यंत पूल होईल. नथ्थूभाऊ एवढंच म्हणाले, "बरं." मी घरी येऊन हे लिहिलं.

पुलावरून गेले सारे, कोनी वळून पाह्यलं नाई,
काठावरल्या डोंग्याले आता कोनी हाक देत नाई.

एवढंच. हेच परत परत, हळूहळू बारीक होत जाईल, आणि पडदा. हे गाणं नथ्थूभाऊंचं आहे, रंजू. जपून म्हण.

तुझा
मिथुन


गडचिरोली
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,

पहिली रिनाच आली. तुला कसं कळलं? तिला सांगितलं तर कान लाल झाले तिचे. असो!

गाणं तालमीत म्हटलं. झाडू रडला. श्रीहरीभाऊ पेटीवर डोकं ठेवून बसले. पियुष म्हणाला, मी इंजिनीयर व्हायलाच नको. म्हणजे तुला हवं होतं ते झालं. शब्द फार फार सुंदर आहेत. आणि तरी मला ते मनापासून म्हणता येत नाही. लपवायचं नाही ठरलंय म्हणून सांगते.

मी सुकरीचा हात धरला होता रे. तू तिला काठावर पाहिलंस, मी तिला टेबलावर पाहिलं. डोंग्यानं ती वाचली हे खरंच. पण पूल असता तर ती तशी आलीच नसती. तिच्या आधी दुसरी एक आली होती, दुसऱ्या नदीपल्याडची. तिच्याबद्दल मी तुला लिहिलं नाही. तिला उशीर झाला होता. मनकर्णा सिस्टरांनी तिचे डोळे मिटले आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यानंतर मी "कोनी हाक देत नाई" हे दुःखानं कसं म्हणू? रुखमा तर साऱ्यांना पोचवणारी बाई. कुणी हाक मारत नाही म्हणजे कुणी अडलेलं नाही. तिला हे कळणार नाही का?

एखादं कडवं पुढं लिहिशील? एकच.

दुसरी अडचण म्हणजे प्रयोगाच्या दिवशी माझी संध्याकाळची ड्यूटी लागली आहे. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "बाळंतपन का तुह्या नाटकाची तारीख पाहून येते?" रिना अदलाबदल करायला तयार आहे. ती संध्याकाळची करेल, मी सकाळची. दुपारच्या गाडीनं निघाले तर वेळेत पोचेन. त्याबदल्यात मी तिच्या सगळ्या रविवारच्या ड्यूट्या करणार आहे. दिवाळीत घरीही जाणार नाही, कारण वार्षिक परीक्षेचं वाचन तेव्हाच होईल. बघ, शहाणी झाले!

तू येशील ना?

रंजू


नाका
३० ऑक्टोबर २०२४

रंजू,

मला रजा मिळाली नाही. धान कापणी आहे, जंगलात हत्तींचा कळप फिरतोय, सगळ्या गार्डांना थांबायला सांगितलं आहे.

कडवं लिहून पाहिलं. जमलं नाही. खरं म्हणजे लिहावंसं वाटलं नाही. तू म्हणतेस ते खोटं नाही. पण पुलाची बाजू घेणारे पुष्कळ आहेत, त्यावर भाषणं होतील, फीत कापली जाईल. नथ्थूभाऊंच्या बाजूनं कोण बोलणार? एक गाणं तरी त्यांच्या बाजूनं असू दे.

गळा तुझा आहे, शब्द माझे आहेत. माझा एक शब्दही बदलू नको.

प्रयोगाला खूप खूप शुभेच्छा. मी इथून कान देऊन बसेन.

मिथुन


गडचिरोली
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

प्रयोग झाला! काय झाला म्हणून सांगू! घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

शनिवारी सकाळची ड्यूटी. दुपारी निघायची वेळ झाली, मी पिशवी उचलली, आणि सकाळपासून मी जिच्याजवळ होते त्या बाईनं माझी बाही धरली. पहिलटकरीण. पोरगीच ती, माझ्यापेक्षा लहान. म्हणाली, "ताई, जाऊ नको." रिना आली होती. सिस्टर म्हणाल्या, "जा, तुही ड्यूटी संपली." मी गाडीचा विचार केला, मंडईचा केला, बाबांचा केला. पिशवी ठेवून दिली.

मुलगी झाली. खणखणीत रडली. मी नाळ बांधली, तोवर गाडी केव्हाच गेली होती.

मी बाहेरच्या पायरीवर बसले होते. मनकर्णा सिस्टर साडी बदलून आल्या, स्कूटीला किल्ली लावली आणि म्हणाल्या, "बस मांगं." मी पिशवी उचलायचंच विसरले. "बस म्हनतो ना! मले बी नाटक पाहाचं हाय." दादा, त्या बाई स्कूटी कशा चालवतात काय सांगू! आणि सबंध रस्ता माझ्याकडून ते बाळंतपणाचं गाणं म्हणून घेतलं, नाळेच्या कडव्यासकट.

वैनगंगेच्या पुलावर आलो आणि मी गाणं थांबवलं. ऊन कलतं झालं होतं. खाली पाणी, लांब एक डोंगा, त्यात जाळं टाकणारा माणूस. आम्ही दोघी भुर्रकन वरून चाललो होतो, पाय कोरडे, दोघींच्याही अंगाला अजून डेटॉलचा वास. तिथं मला दोन ओळी आल्या. मी मागितल्या नव्हत्या. आपोआप आल्या.

गावात पोचलो तर मंडईत मुंगीला जागा नाही. दिवेलागण होऊन गेलेली. झाडू एकटा स्टेजवर, पंखा कसा दुरुस्त करायचा ते सांगत होता आणि लोक लोळत होते. त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं बिचाऱ्याला! मला पाहून तो ओरडला, "आली रे आली, डोंगा आला!" सिस्टरांनीच मला लुगडं नेसवलं, युनिफॉर्मवरूनच. बाबा पहिल्या रांगेत. मागच्यांना "बसा ना बे, दिसत नाई" म्हणत होते आणि स्वतःच उभे होते.

"बस ना माह्या डोंग्यात" म्हणत मी आत गेले. "पान्याले"वर सूर लांबवला तेव्हा मागून कुणीतरी वल्हवल्यासारखा "हैय्या" दिला. मग साऱ्या मंडईनं दिला. दादा, मी हवेत होते!

आणि शेवट. तुझं गाणं मी जसंच्या तसं म्हटलं. एक शब्द बदलला नाही. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. सूर बारीक बारीक होत गेला. पडदा पडायचा, तेवढ्यात मी श्रीहरीभाऊंकडं पाहिलं. त्यांना काही माहीत नव्हतं, पण त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पेटी थांबवली नाही. मग मी वर, पडद्यावर रंगवलेल्या पुलाकडं पाहून म्हटलं :

हाक नाई आली, बरं झालं! कोनी काठावर रडत नाई,
कोरड्या पायानं गेली माय, वाट तिची अडत नाई.

मग टाळ्या. पहिल्यांदा कुणी वाजवली माहीत आहे? सिस्टर. उभ्या राहून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसतही नव्हत्या.

तुझे शब्द मी बदलले नाहीत. त्यांच्या पुढं दोन ओळी जोडल्या. तुला न विचारता जोडल्या हे खरं. तू रागावलास तरी हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आल्या आल्या लिहिते आहे. पुढच्या प्रयोगाला नको म्हणालास तर म्हणणार नाही.

आता पुस्तकं उघडते.

तुझी
रंजू


नाका
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय रंजू,

तुझं पत्र मी नंतर वाचलं. गाणं आधी ऐकलं.

काल मी बाजारासाठी पल्याड गेलो होतो. नथ्थूभाऊ सोबत होते. गाडी उभी होती, माणसं भरली होती, आणि दारात उभे राहून श्रीहरीभाऊ गात होते. घंटीची दोरी एका हातात, दुसऱ्या हातानं ताल टपावर. माझं गाणं होतं. मी नथ्थूभाऊंकडं बघायचं टाळलं. त्यांनी ते अजून ऐकलं नव्हतं, मी त्यांना कधी म्हणून दाखवलंच नव्हतं. धीरच झाला नाही.

मग तुझ्या ओळी आल्या. पहिल्यांदा मी चिडलो, खोटं कशाला सांगू. श्रीहरीभाऊंना थांबवायला पुढं झालो, तर नथ्थूभाऊंनी माझा दंड धरला.

"राहू दे ना गार्ड. आइकू दे."

गाणं संपलं. मी म्हटलं, "भाऊ, हे दुसरं कडवं माझं नाही. माझ्या बहिणीनं जोडलं."

म्हणाले, "थे पोरगी बराबर बोलली. पह्यलं कडवं तू लिव्हलं का? मले वाटलंच. तू माह्याकडं असा पाहाचा, जसा मी मेलोच."

मी म्हटलं, "पण पूल झाल्यावर तुम्ही काय कराल?"

त्यांनी नदीकडं पाहिलं. "मी लहानपनापासून डोंगा चालवून राह्यलो गार्ड. कोनाले ना कोनाले पोचवाले. नुसता फिराले म्हनून कधी बसलोच नाई. मले एकडाव बसाचं हाय."

आणि हसले. रंजू, एवढे महिने ते खांबांकडं बघत बसायचे तेव्हा त्यांच्या मनात हे होतं, आणि मी त्यांच्या नावानं रडत होतो.

परत येताना वल्हं मी मारलं. ते समोर बसले, पाय पाण्यात सोडून. घरी येऊन हे लिहिलं. तुझ्या कडव्याच्या पुढं घाल :

डोंग्या, चाल आता फिरू दोघं, कुठी पोचाची घाई नाई,
मासोळ्यायसंगं खेळू जरा, कोनाचं वझं डोई नाई.

यावर पडदा. सूर बारीक करू नको. मोकळा सोड.

आता दुसरी गोष्ट. गाडीतल्या लोकांनी श्रीहरीभाऊंना दोनदा गायला लावलं, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. नाटक इकडं आणाच म्हणतात. नथ्थूभाऊ पेटी, तबला, पडदे, तुम्हा साऱ्यांना डोंग्यातून आणायला तयार आहेत, फक्त झाडूला मधोमध बसवायचं, तो हलतो फार असं श्रीहरीभाऊंनी त्यांना सांगून ठेवलं आहे. सुकरीचं अख्खं गाव येणार. तुमच्या सिस्टरांनाही आण, त्यांना डोंग्यात मी बसवतो.

पण मी अजून कुणालाच तारीख दिलेली नाही. आधी तू तुझ्या परीक्षेचं वेळापत्रक पाठव. त्यातला जो पहिला मोकळा दिवस, तो आमचा.

तुझा
मिथुनदादा